दंडावरचा शुगरचा सेन्सर: भीती कशाची, खरं काय

चौदा दिवस साखर मोजणारा सेन्सर लावू या म्हटलं की बिदर-कलबुर्गीकडच्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुई चौदा दिवस दंडात राहणार का? नाही. सुई असते ती लावायच्या यंत्रात. ती कातडीत शिरते आणि त्याच क्षणी बाहेर येते. आत राहतो तो सुमारे ५ मिलिमीटर लांबीचा आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असा लवचिक तंतू. लावताना टिचकी बसल्यासारखं वाटतं. रोज बोटाला टोचून घेणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.

दुसरा गैरसमज जास्त त्रासदायक आहे, कारण त्यामुळे माणसं दुसऱ्याच दिवशी सेन्सर उपटून टाकतात. सेन्सर १४० दाखवतो, बोटाचं मशीन १६५ दाखवतं. मग यातलं एक खोटं असलंच पाहिजे, असं वाटतं. खरं म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणची साखर मोजतात. मशीन रक्तातली मोजतं, तर सेन्सर कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली. रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. जेवणानंतर साखर चढत असते किंवा खुरपणी करताना उतरत असते, तेव्हा हा फरक वाढतो. शिवाय घरचं मशीनही लॅबइतकं काटेकोर नसतं. आंतरराष्ट्रीय मानकातच त्याला शंभरच्या पुढे १५ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मशीनवर १७० किंवा २३० आलं तरी ते नापास होत नाही. लावल्यानंतर पहिल्या दिवशी सेन्सरचे आकडे थोडे जास्तच डळमळीत असतात. म्हणून आकड्याइतकंच त्याच्या शेजारच्या बाणाकडे बघा: साखर चढतेय, उतरतेय की स्थिर आहे.

बोटाचं मशीन मात्र माळ्यावर टाकू नका. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सेन्सर ११० दाखवतो, तर शरीरावर विश्वास ठेवा आणि लगेच बोट तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटच तपासा. सेन्सर तेव्हाही मागचाच, कमी आकडा दाखवत असू शकतो. त्याच्याकडे बघून घाबरत साखर खात राहिलं, की तासाभरात शुगर अडीचशेवर जाते.

रात्री दोनला शुगर ५५ आणि सकाळी सगळं ठीक, हा प्रकारही बऱ्याच जणांना हादरवतो. सेन्सर असलेल्या दंडावर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की तो वर येतो. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणाऱ्याने हे गृहीत धरून परत झोपू नये. उठून बोट तपासावं, कारण रात्रीची खरी घसरणही याच वेळी होते आणि ती पकडणं हा सेन्सरचा मोठा उपयोग आहे.

आता जेवणाकडे येऊ. या भागात ज्वारीच्या भाकरीबद्दल एक ठाम समज आहे: भात-चपातीने शुगर वाढते, भाकरीने वाढत नाही. ज्वारीत तंतू भरपूर असतात आणि ती सावकाश पचते, हे खरं. पण तीही पिष्टमय धान्यच आहे. डाळ-भाजी नावाला घेऊन तीन-चार भाकऱ्या खाल्ल्या, तर आलेख चढणारच. एक-दीड भाकरी, तिच्याबरोबर वाटीभर कलबुर्गीच्या तुरीचं घट्ट वरण आणि पालेभाजी, असं ताट घेतलं तर हीच रेघ बहुतेकांना बरीच सपाट दिसते. नाश्त्याला ‘हलका’ म्हणून घेतलेला सुशिला तर अनेकांना चकित करतो, कारण मुरमुरे फार झपाट्याने पचतात. सेन्सर लावला म्हणून त्या चौदा दिवसांत मुद्दाम पथ्याने वागू नका. येळवसेचा सण आला तर शेतात बसून भज्जी, उंडे, आंबील नेहमीइतकंच खा, खीरही घ्या, आणि वेळ लिहून ठेवा. तुमच्या शरीराला कोणता पदार्थ जड जातो हे असंच कळतं.

जेवणानंतर रेघ वर गेली म्हणजे औषध फसलं, असंही नाही. मधुमेह नसलेल्यांचीही साखर जेवल्यावर वाढते. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी २०१९ साली तज्ज्ञांनी ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे: दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ जावी. वृद्धांसाठी ७० ते १८० चं उद्दिष्ट सैल आहे, पण ७० च्या खाली जाण्याची मर्यादा उलट आणखी कडक आहे. प्रत्येक चढाला दचकून जेवण सोडणं घातक ठरू शकतं.

आंघोळ चालते. बहुतेक सेन्सर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतात, विहिरीत सूर मारण्यासाठी मात्र ते बनवलेले नाहीत. ते सुटतात ते पाण्यामुळे कमी आणि आपल्या सवयींमुळे जास्त. अंगाला तेल लावलेल्या दिवशी चिकटवला तर धरत नाही. जागा साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. बायकांच्या बाबतीत खरी अडचण ब्लाऊजच्या घट्ट बाहीची असते. बाही खेचून काढताना कड अडकते आणि सेन्सर निघून येतो. तेवढे दिवस सैल बाही घाला आणि आधी दुसरा हात काढा. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तर न वापरलेल्या सेन्सरची साठवणीची मर्यादा साधारण २५ ते ३० अंश असते. ती डब्यावर छापलेली असते. पत्र्याखालच्या कपाटात डबा ठेवू नका. चिकटपट्टीखाली खूप खाज आली, पुरळ उठलं, तर सेन्सर काढून डॉक्टरांना दाखवा, काहींना त्या डिंकाची ॲलर्जी असते. एमआरआय, सीटी स्कॅनआधी सेन्सर लावलेला आहे हे सांगा, आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर तेही, कारण त्यांनी काही सेन्सरचा आकडा खोटा वाढतो.

गावात रेंज नसली तरी आकडा दिसतो; फोन आणि सेन्सर यांचं आपापसात जमलं की पुरे. नेट लागतं ते सुरुवातीला ॲप सुरू करायला आणि उदगीर, सोलापूर किंवा हैदराबादच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायला.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एक सेन्सर काही हजारांना पडतो आणि दोन आठवड्यांत संपतो. तो शुगर बरी करत नाही, इन्सुलिनही देत नाही. फक्त गोळ्यांवर असलेल्या आणि शुगर आटोक्यात असलेल्या माणसाने त्यासाठी कर्ज काढू नये. जिल्हा आणि तालुका रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या विभागात रक्त तपासून मिळतं, त्यावर त्याचं भागतं. टाइप १ ची मुलं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे आणि ज्यांची शुगर न कळत खाली जाते असे लोक, यांना सेन्सर सर्वांत आधी मिळायला हवा. रक्त कमी असलेल्या बाईचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्टही फसवा येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेने तो आकडा फुगतो, अशा वेळी वर्षातून एखादा सेन्सर खरी परिस्थिती दाखवतो.

चौदा दिवस संपले की आलेखाबरोबर जेवणाच्या, गोळ्यांच्या आणि कामाच्या वेळांची वही डॉक्टरांकडे न्या. त्यांनी ती बघेपर्यंत इन्सुलिनचा किंवा गोळीचा डोस स्वतःहून बदलू नका.