यवतमाळात राहून सॉफ्टवेअर डेव्हलपरची नोकरी मिळते का?

दिवाळीत घरी गेलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक थर्ड इयरला असतो. फोनवर ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर व्हा’वाली रील चालू असते आणि तो म्हणतो, "दादा, पुण्याला न जाता इथंच काही होईल का?" मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातलाच. त्यामुळे खोटी आशा लावायची नाही आणि घाबरवायचंही नाही, असं ठरवून लिहितोय.

सरळ उत्तर असं: नोकरी जवळपास नाही, पण काम आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंजिनिअर तर आपल्याकडे भरपूर तयार होतात. पुसदचं बाबासाहेब नाईक कॉलेज 1983 पासून आहे, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा कॉलेज 1996 पासून. मग कंपनी का येत नाही? कारण कंपनीला फक्त फ्रेशर लागत नाहीत. दहा फ्रेशरांवर लक्ष ठेवायला पाच-सात वर्षं अनुभवाचे दोन-तीन सिनियर लागतात. त्यातला एक सोडून गेला तर त्याच शहरात दुसरा मिळायला हवा. असे सिनियर जिथे चार कंपन्या आधीच आहेत तिथे सापडतात, म्हणून पाचवी कंपनीही तिथेच जाते. (पुसदने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, पण हे चक्र पुढाऱ्याच्या भाषणाने फिरत नाही.)

विदर्भात हे चक्र नागपुरात फिरलं. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत आणि पर्सिस्टंट तर शहरात त्याआधीपासून आहे. यवतमाळपासून अंतर साधारण 150 किलोमीटर. एसटीने रोज अप-डाऊन करायचा विचारही करू नका, रूम करावीच लागते. पण शनिवारी घरी येता येतं आणि आईबाबांना बरं नसलं तर रात्रीतून पोचता येतं. पुण्याहून ते जमत नाही.

आता पैशाचं बघू. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशर पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलंय. म्हणजे पीएफ वगैरे कापून महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास हातात येतात. हिंजवडीजवळ कॉट बेसिसवर राहिलात तरी भाडं, मेस आणि येण्या-जाण्यात त्यातले निम्मे सहज उडतात. त्यामुळे नातेवाईक पॅकेजचा आकडा विचारतील तेव्हा विचारू दे, तुम्ही उरणारा आकडा मोजा. नागपुरात तोच पगार जरा जास्त टिकतो.

"मग घरी बसून रिमोट?" फ्रेशरला अवघड आहे. टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत फक्त 25 टक्के लोकांनीच ऑफिसात बसायची गरज राहील. 2023 मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. शिवाय पहिली दोन वर्षं आपण शिकतो ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून. माझ्या पहिल्या कोड रिव्ह्यूला चाळीस कमेंट आल्या होत्या. त्या मला यूट्यूबवर कोणी दिल्या नसत्या. म्हणून माझं मत: आधी बाहेर जा, दोन-तीन वर्षं काढा, मग रिमोट घेऊन परत या. तेव्हा कंपनी तुमच्या कामाकडे बघते, पत्त्याकडे नाही.

आणि इथलं काम? कॉलेजात असताना मी दिग्रसच्या एका कृषी केंद्रासाठी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर केलं होतं. मला वाटलं, दोन आठवड्यांत होईल. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "बाप्पा, याच्यात उधारी कुठी हाय?" मी तीस दिवसांची मुदत टाकली होती. ते हसायलाच लागले. बियाणं जूनमध्ये जातं आणि पैसे येतात कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर कधीतरी. मग समजलं की बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लागतोच, कारण उगवण झाली नाही तर शेतकरी तेच बिल घेऊन तक्रारीला जातो. अनुदानाचं खत आधार लावून पॉस मशीनवर विकावं लागतं, आणि मशीनमधला साठा नि दुकानातला साठा जुळला नाही तर अधिकारी विचारतो. बंगळुरूच्या डेव्हलपरला यातलं काही माहीत नसतं. तुमच्या घरात ते रोज बोललं जातं.

जिनिंग, पतसंस्था, शाळा, दवाखाने, सगळीकडे अशीच कामं पडून आहेत. एकट्या गिऱ्हाइकावर पोट भरत नाही, हे खरं. पण कृषी केंद्रं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि एकाला चाललेलं सॉफ्टवेअर थोड्याफार बदलाने दुसऱ्यालाही चालतं. मुलाखतीतही ‘टू-डू ॲप’पेक्षा अशा प्रोजेक्टवर बोलणं जास्त वेळ चालतं. माझं चाललं होतं.

दोन गोष्टी सांभाळा. नोकरी लावून देतो म्हणून आधी डिपॉझिट मागितलं की फोन ठेवा, कंपनीचं नाव कितीही मोठं सांगू देत. आणि स्थानिक काम घेताना देखभालीचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवा. मी ठरवले नव्हते. पुढची दोन वर्षं दर जूनमध्ये, ऐन पेरणीच्या गर्दीत, मालकांचा फोन यायचा आणि मी हॉस्टेलवर बसून फुकट बग काढायचो.