वेळणीखालचे पाणी

पास्ता शिजला की तो चाळणीत ओतावा, वरून गार पाण्याची धार सोडावी आणि खालचे गढूळ पाणी मोरीच्या स्वाधीन करावे, हा परिपाठ आपल्या घरोघरी इतका रुळला आहे की त्याविषयी कोणास शंका घ्यावीशीही वाटत नाही. आणि मग अर्ध्या तासाने मलईचा थर एका अंगाला, लोण्याचा तवंग दुसऱ्या अंगाला आणि मध्ये एकमेकींस बिलगून बसलेल्या पट्ट्यांचा गोळा अशी जी वस्तू ताटात पडते, ती पाहून घरातले कोणीतरी हलकेच म्हणते की, हॉटेलातल्यासारखे काही झाले नाही बुवा. माझ्या पुतणीचा तर असा पक्का ग्रह होता की या मंडळींजवळ एक गुप्त भुकटी असते. "काका, ते लोक ती बाहेर सांगायचे नाहीत," असे ती म्हणे. पुढे एका स्नेह्याच्या ओळखीने एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात तासभर उभे राहण्याची मुभा मला मिळाली, तेव्हा मी ती भुकटी डोळ्यांत तेल घालून शोधली. ती तेथे नव्हती. तेथे होते ते एक भले मोठे पातेले. संध्याकाळपासून त्याच पाण्यात एकामागून एक घाणे उकडून निघाल्यामुळे ते पाणी तांदळाच्या पेजेसारखे दाट आणि दुधी झालेले होते, आणि तेथला आचारी प्रत्येक तव्यात त्यातलेच एक-एक पळी पाणी बिनबोभाट ओतत होता. आपण जे मोरीत सोडतो ते तो जपून ठेवतो. हॉटेलच्या आणि घरच्या पास्त्यातले अंतर मला विचाराल तर मुख्यत्वे एवढेच आहे.

ज्या पदार्थाने आपल्याकडे सर्वांत अधिक मने जिंकली आणि घरी सर्वांत अधिक फजिती केली, तो म्हणजे चिकन आल्फ्रेडो. याचे कुळ मोठे मनोरंजक आहे. रोम शहरात आल्फ्रेडो दि लेलिओ नावाचा एक खाणावळवाला होता. त्याच्या घराण्यात सांगत आलेली हकिकत अशी की, १९०८ साली त्याची पत्नी इनेस बाळंत झाली, अशक्ततेने तिच्या तोंडाला चव राहिली नाही, म्हणून त्याने ताज्या फेत्तुच्चिने, म्हणजे अंड्यात मळलेल्या कणकेच्या रुंद फिती, भरपूर लोणी आणि पार्मेजान चीज घालून तिला करून दिल्या. थोडक्यात, तो बाळंतिणीचा आहार होता, आपल्याकडे आजाऱ्यापुढे मऊभात, तूप आणि मेतकूट ठेवतात, त्याच जातीचा. १९२० साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे अमेरिकन मूकपटांतले दांपत्य मधुचंद्रासाठी युरोपात आले असता आल्फ्रेडोकडे जेवले, त्या फितींवर लुब्ध झाले, आणि पुढे त्यांनी त्याला सोन्याचा काटा-चमचा नजर केला. तेव्हापासून अमेरिकन प्रवाशांची रीघ लागली आणि बाळंतिणीचे पथ्य समुद्रापार गेले.

तेथे गेल्यावर त्याचे जे झाले ते दत्तक गेलेल्या मुलासारखे झाले. रोममध्ये त्यात मलईचा थेंब नव्हता. अमेरिकेत मलई आली, लसूण आला, आणि अखेर वर कोंबडीही येऊन बसली. इटलीत पास्ता ही जेवणातली पहिली पंगत आणि मांस ही दुसरी, असा सोवळ्याओवळ्याइतका कडक बंदोबस्त असल्यामुळे एकाच ताटात पास्त्यावर कोंबडी पाहून रोमन माणूस नाक मुरडतो. मी त्याच्या मताचा आदर करतो आणि कोंबडी घालतो. आपल्या शहरांतल्या उपाहारगृहांत आला तो हाच अमेरिकन अवतार, आणि घरी मागणी होते तीही त्याचीच.

प्रथम पास्त्याची रुजुवात करावी. पाकिटावरील तपशिलात 'ड्युरम' गव्हाचा रवा लिहिला आहे की मैदा, हे चष्मा लावून वाचावे. ड्युरम हा कठीण, पिवळसर, काचेसारख्या दाण्याचा गहू. आपल्या पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, यात २८. आपल्याकडचा बन्सी गहू याच वर्गातला आणि खपली त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. उन्हाळ्यात पाटावर शेवया वळणाऱ्या बायका खपलीचा किंवा बन्सीचा रवा का मागत, याचे उत्तर ज्या घट्ट चिवट पिठात आहे त्याच पिठावर इटलीतल्या वाळलेल्या पास्त्याची सारी इमारत उभी आहे. मैद्याचा पास्ता उकळीत विरघळू लागतो. ड्युरमचा आपला आकार सोडत नाही. दुसरी खूण पृष्ठभागाची. ज्या फिती पितळी वर्णाच्या ब्राँझच्या साच्यांतून दाबून काढतात त्या फिकट, खरखरीत आणि पिठूळ दिसतात. गुळगुळीत, चकचकीत दिसतात त्या टेफ्लॉनच्या साच्यातल्या. खरखरीत फितीवर रस धरतो आणि तिच्यातून पाण्यात पिष्टही अधिक उतरते. दोन्ही समोर असल्यास खरखरीत घ्यावी. न मिळाल्यास जीव टाकू नये.

चार माणसांना ३२० ग्रॅम पास्ता पुरे. इटालियन रिवाज शंभर ग्रॅमला एक लिटर पाण्याचा आहे. पण हॉटेलातले पातेले दिवसभरात जितके दाट होते तितके आपले एका घाण्यात होणार नाही, सबब घरी पाणीच कमी घ्यावे, अडीच लिटर, म्हणजे तेवढेच पिष्ट थोड्या पाण्यात राहते. मीठ लिटरला आठ ग्रॅमच्या वर नको. पाणी समुद्राइतके खारट असावे असे जे सांगतात त्यांनी समुद्राचे पाणी चाखलेले नसावे. त्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि हेच पाणी पुढे रसात जायचे असून चीजही खारटच असते. पाण्यात तेल घालण्याचा प्रघात तर सोडूनच द्यावा: तेल वर तरंगते, पास्ता उपसताना त्याला माखते, आणि मग रस त्याच्या अंगावरून ओघळून जातो. चिकटू नये म्हणून हवे ते एवढेच की, पहिली दोन मिनिटे, बाहेरचे पिष्ट ओले होऊन फुगत असते तेव्हा, पातेल्यापाशी उभे राहून चमच्याने फिती सुट्या करीत राहावे.

कोंबडीच्या बाबतीत आपला दोष घाईचा नसून भीतीचा आहे. ती कच्ची राहील या धास्तीने आपण छातीचे मांस इतका वेळ शिजवतो की त्याचा दोरखंड होतो. रश्शात हा अपराध लपतो, पास्त्यावर लपत नाही. बिनहाडाच्या छातीचे दोन तुकडे, मिळून ४०० ग्रॅम, आडवे चिरून किंवा लाटण्याने हलके ठोकून सर्वत्र सारख्या, सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचे करावेत. कारण एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असलेला तुकडा कोणत्याही हिशेबाने सारखा शिजत नाही. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत. मिठाने मांसातली काही प्रथिने सैलावतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. रेस्टॉरंटमधले मांस मऊ लागते ते बहुधा याच साध्या उपायाने. त्यानंतर ते फडक्याने कोरडे ठाक टिपावेत. ही पायरी गाळू नये, कारण ओले मांस तव्यावर भाजत नाही, उकडते. भाजताना येणारा तपकिरी रंग आणि सुगंध ज्या प्रक्रियेने येतो तिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. तिला पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बरीच वरची उष्णता लागते, आणि पृष्ठभागावर ओल आहे तोवर उष्णता तेथवर चढतच नाही.

तवा लोखंडी किंवा स्टीलचा असावा, न चिकटणारा नव्हे. येथे थोडे चिकटावे हीच इच्छा आहे. चमचाभर तेल तापवून तुकडे ठेवले की चार मिनिटे त्यांना हात लावू नये, मग उलटून पुन्हा तीन-चार मिनिटे. मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस झाले की मांस निर्धोक झाले; थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी खुपसून आत गुलाबी राहिले नाही ना आणि रस स्वच्छ येतो ना, ते पाहावे. मग ताटलीत काढून पाच मिनिटे विसावू द्यावे. लगेच चिरले तर सारा रस पाटावर वाहून जातो.

तव्याच्या बुडाशी आता तपकिरी खरवड धरलेली असेल. दुधाची खरवड ज्या घरात भांडून खातात त्या घराला हिची थोरवी सांगायला नको. आच मंद करून चमचाभर लोणी आणि ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या घालाव्यात. लसणाचा वास सुटला, रंग पालटला नाही, अशा क्षणी पास्त्याचे एक पळी पाणी ओतून उलथन्याने खरवड सोडवून घ्यावी. मग दीडशे मिलिलिटर मलई. परदेशातल्या दाट मलईत स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या वर असतो, आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या ताज्या मलईत बहुधा २५ टक्के. त्यामुळे आपली मलई खळखळून उकळली की फुटते. ती मंद आचेवर दोन मिनिटे नुसती थरथरू द्यावी.

येथून पुढची तीन मिनिटे सगळ्या खटाटोपाचे सार आहेत. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या दोन मिनिटे आधीच फिती चिमट्याने पातेल्यातून उचलून, पाणी निथळू न देता, थेट तव्यात घ्याव्यात. उरलेली दोन मिनिटे त्या रसात शिजतात आणि रस पितात. गार पाण्याने धुतलेला पास्ता नेमका याच सुखाला मुकतो. वर आणखी एक पळी ते दुधी पाणी घालून, आच थोडी वाढवून, तवा हलवीत राहावे. पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांचे हाडवैर आहे. त्यांना एकत्र नांदवायचे तर मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ म्हणजे हे पिष्ट. ते पाण्याला दाटपणा देते, लोण्याच्या सूक्ष्म थेंबांना पुन्हा एकमेकांत मिसळू देत नाही, आणि चीजमधल्या प्रथिनांच्या गाठी होऊ देत नाही. हे शास्त्र आपल्या बायकांना परके नाही. कढीला बेसन लावतात ते कशासाठी? ताक तापले की फुटू नये म्हणूनच. ताक घुसळताना आपण स्निग्धांश मुद्दाम वेगळा काढतो. येथे तेच घुसळणे उलट्या दिशेने चालले आहे.

मग आच बंद. हा हुकूम मी स्वतः पहिल्या खेपेस मोडला होता आणि उकळत्या रसात चीज टाकून त्याची रबरासारखी गुठळी चमच्याला लोंबताना पाहिली होती. उकळीच्या उष्णतेत चीजमधली प्रथिने आखडतात आणि आपल्यातली चरबी बाहेर टाकतात. म्हणून आच बंद करून, अर्धे मिनिट थांबून, ६० ग्रॅम अगदी बारीक किसलेले चीज दोन-तीन मुठींनी घालावे आणि शेवटी ३० ग्रॅम थंड लोणी. प्रत्येक मुठीगणिक ढवळणे थांबू नये. खरे पार्मिजानो रेज्जानो किमान बारा महिने मुरलेले असते आणि महाग असते. डबीतल्या भुकटीच्या नादी लागू नये; तिचे कण चिकटू नयेत म्हणून त्यात बहुधा सेल्युलोज मिसळलेले असते आणि ते वितळत नाही. त्यापेक्षा आपले साधे प्रक्रियायुक्त चीज बरे. त्यात पायसीकरण करणारे क्षार असल्यामुळे ते कधी फुटत नाही. चव मात्र भोळी येते, म्हणून थोडे मुरलेले चीज आणि थोडे हे, अशी तडजोड मी घरी करतो. वर मिरे, आणि नखभर किसलेले जायफळ. हे जायफळ मलईच्या रसाला फार शोभते, आणि श्रीखंडात ते घालणाऱ्याला त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही.

कोंबडी आडव्या धारेने चिरून, ताटलीत साठलेल्या तिच्या रसासकट, वर मांडावी. रस पळीच्या पाठीवर सायीसारखा धरेल पण ओघळेलही, इतपत सैल असावा; ताटात पडल्यावर तो आणखी आळतो, म्हणून तव्यात असतानाच किंचित पातळ ठेवावा. ताटेही गरम पाण्यातून काढून पुसून घ्यावीत. आमच्याकडे पाने मांडल्यावरसुद्धा "आलोच" म्हणणारी मंडळी आहेत. त्यांच्यासाठी मी पातेल्यातले वाटीभर पाणी शेवटपर्यंत राखून ठेवतो, आणि दहा मिनिटांनी ती उगवली की त्यातलेच दोन चमचे गरम करून त्यांच्या वाट्याच्या पास्त्यात घालून मंद आचेवर हलवतो. पुतणी आता त्या वाटीवर झाकण ठेवते, चुकून कोणी धुवायला टाकू नये म्हणून.