भय की भुरळ? व्हॅम्पायरकथांबाबत वाचकांचे एकमत का होत नाही

रक्तपिपासू पिशाच्चाने वाचकाला घाबरवावे की भुलवावे, हा वाद पाश्चात्त्य भयकथेच्या वाचकांमध्ये नवा नाही. शृंगाराकडे झुकणाऱ्या व्हॅम्पायरकथांचा एखादा संग्रह हाती आला की तो हमखास उफाळून येतो. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'लव्ह इन व्हेन' हा संग्रह याचे ठळक उदाहरण. त्या काळी पॉपी झेड. ब्राइट या नावाने लिहिणारे लेखक बिली मार्टिन यांनी तो संपादित केला होता. त्यात नव्याने लिहवून घेतलेल्या २० कथा होत्या आणि सर्वांचा विषय एकच, रक्ताची तहान आणि देहाची ओढ यांचे नाते. शीर्षकातच श्लेष आहे. 'व्हेन' म्हणजे रक्तवाहिनी. पण उच्चाराने तोच शब्द 'व्यर्थ' असाही ऐकू येतो. रक्तात भिनलेले प्रेम आणि वाया गेलेले प्रेम, असे दोन्ही अर्थ संपादकाला अभिप्रेत होते. संग्रहाचा दुसरा भाग १९९७ मध्ये निघाला.

अशा संग्रहांविषयी वाचकांत सर्वसाधारणपणे तीन सूर ऐकू येतात. पहिला सूर तक्रारीचा. या कथा अंगावर काटा आणत नाहीत, त्यांत शृंगार फार आणि भय नावापुरते, असे या वाचकांना वाटते. दुसरा सूर याच्या नेमका उलट. भीती हे केवळ निमित्त आहे. व्हॅम्पायरकथा मुळातच निषिद्ध आकर्षणाची कथा असते आणि या लेखकांनी ते मोकळेपणाने मान्य केले, अशी या वाचकांची भावना असते. तिसरा सूर अधिक अस्वस्थ करणारा आहे. जिथे एक जण दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याचे प्राण शोषतो, तिथे लेखकाने सौंदर्य शोधावे काय, असा प्रश्न हे वाचक विचारतात. तिन्ही मतांत तथ्य आहे. मात्र ती एकमेकांशी का जुळत नाहीत, हे समजण्यासाठी या कथाप्रकाराचा इतिहास पाहावा लागतो.

खेड्यातले प्रेत, दिवाणखान्यातला उमराव

लोकसमजुतीतला व्हॅम्पायर मुळीच देखणा नव्हता. १७२५ मध्ये सर्बियातील किसिलजेवो या गावी आणि १७३१-३२ च्या हिवाळ्यात मेद्वेजा या गावी घडलेल्या प्रकरणांची ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आणि लष्करी शल्यवैद्यांनी रीतसर नोंद केली. त्या अहवालांतील व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उकरून काढलेले, फुगलेले आणि तोंडाशी रक्त साचलेले प्रेत होते. कुजण्याच्या नैसर्गिक प्रक्रियेचे हे परिणाम गावकऱ्यांना पिशाच्चाच्या खुणा वाटले. गावात लागोपाठ होणाऱ्या मृत्यूंना कारण हवे होते आणि ते या प्रेतात सापडले. प्रेते उकरण्याचे हे प्रकार इतके वाढले, की १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला त्याविरुद्ध फर्मान काढावे लागले. या साऱ्यात शृंगाराचा लवलेशही नव्हता. होती ती साथीची आणि मरणाची भीती.

हे चित्र पालटले ते जिनिव्हा सरोवराच्या काठी. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधील उद्रेकामुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात थंड आणि पावसाळी गेला. व्हिला दिओदाती या बंगल्यात लॉर्ड बायरन आणि त्याचे पाहुणे अडकून पडले आणि भुताच्या गोष्टी रचू लागले. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चा उगम तिथलाच. बायरनने अर्धवट सोडलेल्या एका कथेचा धागा पकडून त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी याने 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिली. तिचा नायक लॉर्ड रुथवेन हा लंडनच्या उच्चभ्रू समाजात वावरणारा, थंड नजरेचा, स्त्रियांना मोहात पाडून उद्ध्वस्त करणारा उमराव आहे. गावकुसाबाहेरचे पिशाच्च एका फटक्यात दिवाणखान्यात आले.

१८१९ मध्ये ही कथा एका लंडनच्या मासिकात छापून आली ती बायरनच्या नावावर. बायरनने ती आपली नसल्याचे जाहीर केले. परंतु वाचकांनी कथेत बायरनचेच प्रतिबिंब पाहिले आणि तिच्यावर झडप घातली. पुढच्याच वर्षी पॅरिस आणि लंडनच्या रंगभूमीवर तिची नाट्यरूपे आली. पोलिडोरी मात्र १८२१ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविशीत मरण पावला. व्हॅम्पायर घाबरवतो आणि आकर्षितही करतो, हा या कथाप्रकाराचा दुहेरी करार त्याने वाचकाशी केला, तो आजतागायत मोडलेला नाही.

कार्मिला आणि क्लारिमोंद

या कराराची दोन उत्कृष्ट उदाहरणे एकोणिसाव्या शतकातच लिहिली गेली. फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए यांच्या १८३६ मधील कथेत रोम्युआल्द हा तरुण धर्मगुरू दीक्षाविधीच्या क्षणीच क्लारिमोंद या गणिकेच्या सौंदर्याने विद्ध होतो. दिवसा तो गावातला साधा पाद्री असतो, तर स्वप्नात व्हेनिसमधला विलासी सरदार. क्लारिमोंद झोपेत त्याच्या दंडाला सोन्याची टाचणी टोचून रक्ताचे मोजके थेंब घेते; तो मरू नये म्हणून आपली तहान आवरते. शेवटी एक वृद्ध धर्मगुरू तिचे थडगे उघडून पवित्र जल शिंपडतो आणि तिची राख होते. रोम्युआल्द वाचतो, पण त्या वाचण्याचा पश्चात्ताप त्याला आयुष्यभर छळतो. यात पापी कोण आणि बळी कोण, हे गोतिए सांगत नाहीत.

आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' ही दीर्घकथा १८७१-७२ मध्ये क्रमशः आली आणि १८७२ मध्ये त्यांच्या 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात समाविष्ट झाली. ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतात, एकाकी वाड्यात वडिलांसोबत राहणाऱ्या लॉराच्या आयुष्यात कार्मिला ही देखणी मुलगी पाहुणी म्हणून येते. दोघींमधली जवळीक वाढत जाते आणि लॉरा खंगत जाते. कार्मिलाच्या स्पर्शाने तिला आनंद आणि किळस एकाच वेळी वाटते. स्त्रीने स्त्रीविषयी बाळगलेले असे उत्कट आकर्षण उघडपणे लिहिणे त्या काळातल्या इंग्रजी कथेला सहजासहजी शक्य नव्हते. पिशाच्चाच्या आडोशाने ते शक्य झाले. कार्मिलाचा नाश होतो, कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. मात्र कित्येक वर्षांनंतरही दिवाणखान्याच्या दाराशी तिची हलकी पावले वाजल्याचा भास लॉराला होत राहतो. त्या भासात भीती किती आणि ओढ किती, हे प्रत्येक वाचक स्वतःच्या मनाप्रमाणे ठरवतो.

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ मध्ये आली. काउंटच्या किल्ल्यात तीन पिशाच्च स्त्रिया जवळ येत असताना तरुण वकील जोनाथन हार्कर डोळे अर्धवट मिटून, भयाने आणि अपेक्षेने, पडून राहतो. हे दृश्य आज या कादंबरीतील सर्वांत शृंगारिक मानले जाते. तत्कालीन परीक्षकांनी मात्र चर्चा केली ती प्रामुख्याने तिच्या भयानकतेची. आर्थर कॉनन डॉयल यांनी स्टोकरना पत्र लिहून कौतुक केले, तेही अद्भुत भयकथा म्हणूनच. गंमत अशी, की याच स्टोकर यांनी १९०८ मध्ये एका लेखात कथा-कादंबऱ्यांतील लैंगिक भावनांचे चित्रण समाजाला घातक असल्याचे सांगून त्यावर नियंत्रणाची मागणी केली. आपण काय लिहून ठेवले आहे, याची स्वतः लेखकाला कितपत जाणीव होती, हा प्रश्न अभ्यासकांना आजही पडतो.

वाचकांच्या पत्रांतून

विसाव्या शतकात वाचकांना मत मांडायला हक्काची जागा मिळाली ती अमेरिकी मासिकांत. 'वियर्ड टेल्स' या मासिकाचे वाचकांच्या पत्रांचे सदर प्रसिद्ध होते. कोणती कथा सर्वांत आवडली, हे वाचक त्यातून कळवत. नोव्हेंबर १९३३ च्या अंकात सी. एल. मूर या बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणीची 'शॅम्ब्लो' ही कथा आली. मंगळावरच्या एका वस्तीत जमावाच्या तावडीतून वाचवलेली स्त्री नायकाला आपल्या केसांच्या विळख्यात घेऊन त्याचे चैतन्य शोषते. त्याचे शरीर सुखावते आणि आत्मा किळसतो. मित्र त्याला सोडवतो आणि पुन्हा असे कुणी भेटले तर तत्काळ ठार करशील, असे वचन मागतो. नायक प्रयत्न करीन म्हणतो; पण त्याचा आवाज डळमळतो. वाचकांनी ही कथा डोक्यावर घेतली, एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्यासारख्या चोखंदळ लेखकानेही तिची प्रशंसा केली. फ्रिट्झ लायबर यांच्या १९४९ मधील 'द गर्ल विथ द हंग्री आइज' या कथेत तर रक्तही नाही. जाहिरातीच्या फलकावरची तरुणी लक्षावधी पुरुषांच्या अभिलाषेवर जगते आणि जवळ येणाऱ्याच्या आठवणी व सुखदुःखे पिऊन टाकते.

१९७६ मध्ये अ‍ॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'ने आणखी एक वळण दिले. आता पिशाच्च स्वतःच आपली कहाणी सांगू लागले. ऐंशीच्या दशकात एड्सची साथ आली आणि रक्त, प्रेम व मृत्यू यांचे नाते रूपक न राहता बातम्यांचा विषय झाले. एलन डॅटलो यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या संग्रहाचे नावच 'ब्लड इज नॉट इनफ', म्हणजे नुसते रक्त पुरेसे नाही, असे होते. नात्यांत, कुटुंबांत, व्यवसायांत एकाने दुसऱ्याला शोषणे हाही व्हॅम्पायरपणाच, हे त्यातल्या कथांनी दाखवले. 'लव्ह इन व्हेन' या परंपरेतले पुढचे पाऊल होते.

रसविरोधाची कसोटी

वाचकांमधली ही दुही समजून घेण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्र उपयोगी पडते. आपल्याकडे शृंगार हा भयानक आणि बीभत्स यांचा विरोधी रस मानला गेला. तथापि विरोधी रस एकत्र येऊच नयेत, असे शास्त्रकार म्हणत नाहीत. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त यावर मार्ग सांगितला आहे. एक रस प्रधान आणि दुसरा त्याचे अंग असेल, तर विरोध शमतो. त्याचे प्रसिद्ध उदाहरण महाभारताच्या स्त्रीपर्वातले आहे. रणांगणावर पडलेला भूरिश्रव्याचा तुटलेला हात पाहून त्याच्या स्त्रियांना त्या हाताचे प्रणयातील स्पर्श आठवतात. इथला शृंगार शोक अधिक गहिरा करतो. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीनेही 'मालतीमाधव' या प्रेमनाट्यात नायकाला नरमांस विकण्यासाठी स्मशानात पाठवले आहे.

ही कसोटी लावली तर वरचे तिन्ही सूर उलगडतात. पहिल्या प्रकारचा वाचक भयाला प्रधान मानतो. शृंगाराने त्याची धार वाढवावी, अशी त्याची अपेक्षा असते. दुसरा शृंगाराला प्रधान मानतो. तिसऱ्याचा आक्षेप असा, की अनेक कथांत दोहोंपैकी काहीच प्रधान नसते. रक्त हा नुसता साज असतो आणि बळी पडणारी व्यक्ती दिसेनाशी होते.

मराठी वाचक बहुधा पहिल्या गटाकडे झुकतो, त्याला कारणे आहेत. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये 'वेताळपंचविशी'तील ११ कथा इंग्रजीत आणताना पुस्तकाच्या नावात वेताळाला 'व्हॅम्पायर' केले. प्रत्यक्षात प्रेतात वास करणारा हा वेताळ रक्त पीत नाही की भुलवत नाही. तो राजाच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो आणि अखेर त्याचे प्राणही वाचवतो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा ग्रामरक्षक देव आहे. पुढे अनेक मराठी वाचकांना व्हॅम्पायर भेटला तो नारायण धारप यांच्या 'लुचाई'तून. स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील 'सेलम्स लॉट'वर बेतलेल्या या कादंबरीचा गाभा गाव गिळणाऱ्या अरिष्टाचा आहे, प्रणयाचा नाही.

म्हणूनच 'लव्ह इन व्हेन'सारखा संग्रह वाचताना सरसकट निकाल देणे अन्यायाचे ठरते. वीस लेखकांच्या वीस कथा एका मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येक कथेला दोन प्रश्न विचारावेत. इथे कोणता रस प्रधान आहे आणि दुसरा त्याला बळ देतो काय? आणि ज्याचे रक्त गेले, त्याचे काय झाले, हे लेखकाला ठाऊक आहे काय? 'कार्मिला'मध्ये लॉराच स्वतः बोलते, गोतिएंच्या कथेत रोम्युआल्द बोलतो. झालेल्या हानीचा हिशेब बळी ठरलेलाच मांडतो आणि त्या हिशेबात सुखाचीही नोंद असते. या कथा दीडशे वर्षांनंतरही वाचल्या जातात, त्या याच प्रामाणिकपणामुळे. रक्त आणि देह यांची नुसती रेलचेल असलेल्या कथा मात्र संग्रह मिटताच विसरल्या जातात, मग वाचक कोणत्याही गटातला असो.