गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर घरच्या विजेवर : सप्लाय कसा निवडावा?

जुन्या गाड्यांतून निघालेले अ‍ॅम्प्लिफायर आजही स्वस्तात मिळतात. मुंबईच्या चोरबाजारापासून तालुक्याच्या गॅरेजपर्यंत या मालाची आवक चालू असते. आपले अनेक कारागीर बांधव तो दुरुस्त करून लाकडी पेटीत बसवतात आणि दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना विकतात. भांडवल थोडे लागते, हातच्या कसबाला किंमत येते. मात्र महिन्याभरात तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते : आवाज वाढवला की मशीन बंद पडते, स्पीकरमधून घुं-घुं आवाज येतो, किंवा सप्लायच जळाला. बहुतेक वेळा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नसून त्याला जोडलेल्या सप्लायचा असतो. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेत आहोत.

फ्यूज पाहा, छापील वॉट नको

अ‍ॅम्प्लिफायरवर मोठ्या अक्षरांत ‘१००० वॉट’ छापलेले असते. त्यावर विसंबून सप्लाय घेऊ नये. खरी माहिती मागच्या बाजूला बसवलेला फ्यूज देतो. समजा फ्यूज ३० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. १३.८ ला ३० ने गुणले तर ४१४ वॉट होतात. हे मशीन यापेक्षा जास्त वीज सतत खेचूच शकत नाही. जुन्या एबी क्लासच्या मशीनमध्ये यातील जेमतेम निम्म्या विजेचा आवाज होतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खरी ताकद सुमारे २०० वॉट. चार चॅनेल असतील तर प्रत्येकी ५० वॉट. डी क्लासच्या मशीनमध्ये ८० टक्के किंवा त्याहून अधिक विजेचा आवाज होतो, त्यामुळे तेवढ्याच आवाजाला सप्लाय लहान चालतो. फ्यूज दोन असतील तर दोन्हींची बेरीज धरावी.

आता सप्लाय किती अँपिअरचा हवा? आवाजाची पातळी सतत चढत-उतरत असते, पूर्ण ताकद क्षणभरच लागते. त्यामुळे घरगुती वापरात ३० अँपिअर फ्यूजच्या मशीनला सतत २० अँपिअर देणारा सप्लाय पुरतो. ज्या गिऱ्हाइकाला दिवसभर मोठा आवाज हवा, त्याला मात्र ३० अँपिअरचाच द्यावा.

कोणता सप्लाय घ्यावा?

बॅटरी चार्जर : साधा चार्जर थेट जोडू नये. त्याची वीज गुळगुळीत नसते, ती धक्क्याधक्क्याने येते, आणि तीच स्पीकरमध्ये ऐकू येते.

ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर : हा मजबूत प्रकार आहे, पण २० अँपिअरसाठी तो जड आणि महाग पडतो. २० अँपिअरवर व्होल्टेजची थरथर २ व्होल्टच्या आत ठेवायची तर सुमारे १,००,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात. शिवाय लाइनचे व्होल्टेज वाढले की हा सप्लायही वर चढतो. लहान मशीनसाठी ठीक, मोठ्यासाठी नाही.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस : हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो आणि पिवळ्या वायरींवर १२ व्होल्ट मिळतात. पेटीवर १२ व्होल्टसमोर लिहिलेले अँपिअर वाचावेत. एकूण वॉट पाहून फसू नये, कारण जुन्या पेट्यांत बरीच ताकद ५ व्होल्टकडे असते. सगळ्या पिवळ्या वायरी एकत्र आणि तितक्याच काळ्या एकत्र जोडाव्यात. साध्या कामाला हा चांगला.

जाळीच्या पेटीतील एसएमपीएस : सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी येणारा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा हा सप्लाय लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सहज मिळतो, आणि आमच्या मते बहुतेकांना हाच सोयीचा आहे. टर्मिनलजवळच्या लहान स्क्रूने तो साधारण १३ व्होल्टपर्यंत चढवता येतो. काही पेट्यांच्या कडेला ११५ आणि २३० असा सरकता स्विच असतो. तो २३० वर आहे याची खात्री केल्याशिवाय लाइन कधीही देऊ नये. ११५ वर राहिला तर आतले कपॅसिटर फुटतात. पेटीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला माल घ्यावा.

बसवण्यापूर्वी तपासा

लेबलवर ३० लिहिले म्हणजे ३० मिळतीलच असे नाही. तपासणीचे साधन प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असते : हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा बल्ब. त्याच्या दोन्ही तारा एकदम पेटवल्या तर तो १२ व्होल्टवर सुमारे साडेनऊ अँपिअर घेतो. असे दोन बल्ब म्हणजे जवळपास १९ अँपिअरचा भार. थंड बल्ब पेटताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो, म्हणून एकेक तार पेटवत जावे. सप्लाय अर्धा तास या भारावर ठेवून मीटर लावावा. व्होल्टेज १२ च्या खाली गेले, किंवा जळका वास आला, तर तो सप्लाय या कामाचा नाही. बल्ब फार तापतात. ते लाकूड आणि कापडापासून दूर ठेवावेत.

जोडणी करताना

सप्लाय ते अ‍ॅम्प्लिफायर अंतर एक मीटरच्या आत ठेवावे आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत २० अँपिअरवर पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि वायर तापते. ‘रिमोट’ लिहिलेल्या टर्मिनलला धन टोकावरून लहान स्विचमधून १२ व्होल्ट द्यावेत. आधी सप्लाय, मग हा स्विच चालू करावा. पेटीचा धातू अर्थिंगला जोडलाच पाहिजे, तीन पिनांचाच प्लग वापरावा. पंख्यासमोरची जागा मोकळी ठेवावी. लाकडी पेटीत कोंडलेला सप्लाय म्हणजे दुकानात ठेवलेला निखारा. भारनियमनामुळे सोबत बॅटरी हवी असेल तर चार्जिंगसाठीच बनवलेला सप्लाय घ्यावा आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवावा.

शेवटी एक गोष्ट व्यवहाराची. माप कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा आपण सर्व जाणतो. वॉट आणि अँपिअर हीदेखील मापेच होत. २०० वॉटचे मशीन १००० चे म्हणून विकणे आणि तराजूला बोट लावणे यात फरक नाही. पावतीवर खरे वॉट, सप्लायचे तपासलेले अँपिअर आणि फ्यूजचा आकडा लिहून द्या. शेजारच्या दुकानात मोठा आकडा पाहून एखादे गिऱ्हाईक जाईलही. पण ज्याची पेटी दोन वर्षे बिनतक्रार चालेल, तो इन्शाअल्लाह आणखी चौघांना तुमच्याकडे घेऊन येईल.