संस्थेचें दप्तर आणि ‘लो-कोड’ साधनें

संस्था लहान असो वा मोठी, सभासदांचा तिजवरील विश्वास तिच्या दप्तरावर अवलंबून असतो. मुरुडच्या उपबाजारांत सोयाबीन, तूर व हरभरा यांची आवक सुरू झाली म्हणजे कोणाचीं किती पोतीं आलीं, आर्द्रता किती भरली, बारदानाची वजावट किती झाली, हें त्याच घटकेस लिहिलें गेलें पाहिजे. दोन दिवसांनीं आठवणीनें भरलेली नोंद तंट्याचें मूळ होते. हें दप्तर मोबाइलवर ठेवावें असें तरुण सभासद सुचवितात. परंतु स्वतंत्र सॉफ्टवेअर करवून घेण्याचा खर्च लहान संस्थेस झेपत नाहीं, आणि पुढें एक रकाना वाढवावयाचा झाला तरी करणाराच्या दारीं जावें लागतें. या अडचणीवर ‘लो-कोड’ या नांवाचीं साधनें उपयोगीं पडण्यासारखीं आहेत. त्यांचा उपयोग कोठें करावा व कोठें करूं नये, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कोड म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांची लिखित मालिका. ती लिहिण्याचें शिक्षण वेगळें घ्यावें लागतें. लो-कोड साधनांत बहुतेक आज्ञा अगोदरच तयार असतात. तिफण सुतारानें करून दिलेली असते, पण बीं कोणतें आणि चाड्यावर मूठ किती धरावयाची हें शेतकरी ठरवितो. त्याचप्रमाणें येथें कोणती माहिती घ्यावयाची व तिला कोणते नियम लावावयाचे, एवढें ठरवून पडद्यावर मांडावयाचें असतें.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. १९७९ सालीं ‘व्हिझिकॅल्क’ हा रकान्यांचा हिशेब-तक्ता निघाला, तेव्हांपासून कोड न जाणणारा मनुष्यही संगणकाकडून आपला हिशेब करून घेऊं लागला. ‘लो-कोड’ हें नांव मात्र २०१४ सालीं फॉरेस्टर या अमेरिकन संशोधन संस्थेनें रूढ केलें. आपल्या देशांतही हीं साधनें तयार होतात. चेन्नईच्या झोहो कंपनीचें ‘क्रिएटर’ २००६ पासून चालू आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची चौकट व तिजवर उभारलेलें ‘ईआरपीनेक्स्ट’ मुक्त परवान्यानें मिळतें, म्हणजे तें आपल्या यंत्रावर ठेवून आपल्यास हवें तसें बदलतां येतें. शिवारांतील पाहणीसाठीं ‘ओडीके’ व ‘कोबो’ हीं साधनें आहेत; त्यांत प्रश्न साध्या तक्त्यांत लिहिले कीं मोबाइलवरील फॉर्म तयार होतो, आणि जेथें रेंज नाहीं तेथेंही नोंद भरून ठेवून मागाहून पाठवितां येते.

आतां गोदामांतील आवकेचें उदाहरण घेऊं. प्रथम रकाने ठरवावे: पावती क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक, माल, पोत्यांची संख्या, एकूण वजन व आर्द्रता. सभासदाचें नांव हातानें लिहूं देऊं नये. तें यादींतून निवडावें, म्हणजे एकाच गृहस्थाचीं तीन नांवें होत नाहींत. नंतर नियम लावावे: उद्यांची तारीख घेतली जाऊं नये, आणि सोयाबीनची आर्द्रता शेंकडा १२ च्या वर गेल्यास सूचना दिसावी. हिशेब साधन स्वतःच करतें. ४० पोत्यांचें एकूण वजन २,०२४ किलो भरलें व प्रत्येक बारदान ६०० ग्रॅम धरलें, तर वजावट २४ किलो होऊन निव्वळ वजन २,००० किलो, म्हणजे २० क्विंटल येतें. शेवटीं अधिकार ठरवावे. काट्यावरील माणसानें नोंद भरावी, परंतु भरलेली नोंद त्याला पुसतां येऊं नये. दुरुस्ती चिटणीसानें करावी, आणि जुना आंकडा, नवा आंकडा व दुरुस्ती करणाराचें नांव हीं तिन्हीं कायम राहावीं.

औजारांच्या भाड्याची वही, बियाणें-खतांची मागणी, सभेची हजेरी हीं कामेंही याच रीतीनें होतात. कर्जखात्याची गोष्ट निराळी आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली व त्यासाठीं एक समान सॉफ्टवेअर योजिलें. ज्या सोसायटीचें काम त्यांत आलें आहे, तिनें शेजारीं दुसरें कर्जखातें मांडूं नये. तसेंच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणें ठेवावयाची सभासद-नोंदवही मोबाइल आला म्हणून सुटत नाहीं.

या साधनांत तीन धोके आहेत. पहिला असा कीं, पुष्कळशीं साधनें कुळानें कसलेल्या जमिनीप्रमाणें दुसऱ्याच्या मालकीचीं असतात. गूगल कंपनीचें ‘ॲप मेकर’ असेंच एक साधन होतें. तें बंद करण्याचें कंपनीनें जानेवारी २०२० मध्यें जाहीर केलें, व १९ जानेवारी २०२१ रोजीं त्यावर बांधलेलीं ॲपें चालेनाशीं झालीं. म्हणून आपल्या सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपांत बाहेर काढतां येतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें, आणि दर आठवड्यास तशी प्रत काढून ठेवावी.

दुसरा धोका माहिती उघडी पडण्याचा. ऑगस्ट २०२१ मध्यें अपगार्ड या कंपनीनें उघडकीस आणलें कीं, मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर ॲप्स’ वर केलेल्या संकेतस्थळांतून सुमारें ३ कोटी ८० लाख नोंदी कोणासही पाहतां येत होत्या. तेथें कुलूप कोणीं फोडलें नव्हतें. बांधणारांनीं तें लावलेंच नव्हतें. सभासदाचा आधार क्रमांक व बँकखातें आवकेच्या नोंदींत लागत नाहीं. जें लागत नाहीं तें घेऊंच नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ सालीं झाला आहे.

तिसरा धोका सर्वांत जवळचा. एखादा हुशार तरुण हौसेनें सर्व मांडणी करतो व नोकरीनिमित्त पुण्यास जातो. मागें त्याची रचना कोणासच समजत नाहीं. खातें संस्थेच्या नांवावर असावें, परवलीचा शब्द चिटणीस व अध्यक्ष यांजपाशीं असावा, आणि रकाने व नियम एका कागदावर लिहून दप्तरांत ठेवावे.

खर्चाचाही अंदाज अगोदर बांधावा. कित्येक साधनांचें भाडें दरमाणशीं दरमहा असतें. तें १०० रुपये धरलें तर ३०० सभासदांस खातीं दिल्यास वर्षास ३,६०,००० रुपये होतात. नोंद करणाऱ्या ५ माणसांसच दिल्यास ६,००० रुपयांत भागतें. सभासदास पावती व संदेश मिळाला म्हणजे पुरे.

मृगाच्या पेरण्या आटोपल्यावर सोयाबीनच्या सुगीपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यांत एकच नोंदवही घेऊन मांडणी करावी. पहिल्या हंगामांत कागदी वही चालूच ठेवावी, दर आठवड्यास दोहोंचा मेळ घालावा, आणि हंगामाअखेर फरक किती निघाला तो वार्षिक सभेपुढें वाचून दाखवावा. मेळ बसला तर दुसरी वही घ्यावी. न बसला तर चूक कोठें आहे हें शोधल्यावांचून पुढें जाऊं नये.