चारित्र्य पडताळणीत अपात्र ठरल्यास दाद कशी मागावी?

शासकीय सेवेत निवड झाल्यानंतरही उमेदवाराची नियुक्ती चारित्र्य व पूर्ववृत्ताच्या पडताळणीवर अवलंबून असते. पोलीस व सुरक्षा दलांत ही पडताळणी विशेष काटेकोर असते. आदिलाबाद जिल्ह्यातील मावला मंडळासारख्या सीमाभागातील मराठी तरुण तेलंगणाच्या तसेच केंद्राच्या भरतीस उतरतात. एखाद्या जुन्या भांडणाचा गुन्हा पुढे येऊन त्यांची नियुक्ती नाकारली गेल्यास श्रम वाया गेले असे मानून स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी दि. 21 जुलै 2016 रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. साक्षांकन नमुन्यातील माहिती खरी असली पाहिजे, हे पहिले तत्त्व होय. दडविलेला गुन्हा किरकोळ असल्यास नियुक्ती प्राधिकाऱ्यास ती चूक क्षम्य ठरविता येते. गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी दडविल्यास मात्र उमेदवारी रद्द होऊ शकते. नमुन्यात जे विचारलेच नाही, ते न सांगणे म्हणजे माहिती दडविणे नव्हे. तथापि, सर्व माहिती प्रामाणिकपणे दिली तरी नियुक्तीचा हक्क आपोआप प्राप्त होत नाही. तांत्रिक कारणावरून निर्दोष सुटलेल्याच्या पूर्ववृत्ताचाही विचार करण्याची प्राधिकाऱ्यास मुभा आहे.

तत्पूर्वी, 2011 मध्ये याच न्यायालयाने दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवारास दिलासा दिला होता. विशीतील मारामारीचा, पुढे तडजोडीने मिटलेला गुन्हा त्याने अर्जात लिहिला नव्हता. तरुण वयातील अविचारामुळे माणसास जन्मभर गुन्हेगार ठरवू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. बालवयातील कृत्याबाबत तर बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 24, त्यातील अपवाद वगळता, अपात्रतेपासून संरक्षण देते.

नकाराचा आदेश येताच त्याची लेखी कारणे मागावीत. कारणे दाखवा नोटीस आल्यास मुदतीत उत्तर द्यावे. उत्तरासोबत न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत जोडावी आणि गुन्ह्याचे स्वरूप, त्या वेळचे वय व नंतरचे वर्तन स्पष्ट करावे. त्यानंतर वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अभिवेदन करावे.

तेथेही दाद न लागल्यास, केंद्राच्या नागरी सेवेसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे व महाराष्ट्र शासनाच्या पदासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. अंतिम आदेशापासून 1 वर्ष ही त्याची सर्वसाधारण मुदत आहे. तेलंगणा राज्य सेवेच्या आणि केंद्रीय सशस्त्र दलांच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद 226 अन्वये उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो.

न्यायालय सहसा स्वतः नियुक्ती देत नाही. निर्णय विचारपूर्वक झाला किंवा कसे, हे तपासते. म्हणून अर्ज भरतानाच खरी माहिती लिहिणे, हाच उमेदवाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.