डाएटिशियन घडते वॉर्डात

होम सायन्सला जाणाऱ्या मुलीला नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘काय खावं आणि काय खाऊ नये हे सांगायला पाच-सहा वर्षं कशाला शिकायचं?’ प्रश्न मुलीला टोचतो, पण खरं नुकसान रुग्णाचं होतं. जे काम सोपं वाटतं ते माणूस कोणाकडूनही करून घेतो. मग तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेले, जिममधले ट्रेनर, प्रोटीन पावडर विकणारे ओळखीचे, सगळेच ‘डाएट’ देऊ लागतात आणि मधुमेह, मूत्रपिंड, यकृत यांचे रुग्ण ते निमूटपणे पाळत राहतात.

या गोंधळाच्या मुळाशी एक समज आहे: डाएटिशियन म्हणजे वजन उतरवायचा चार्ट लिहून देणारी व्यक्ती. वजनाचे रुग्ण ओपीडीत येतात, हे खरं. पण या व्यवसायाचा कस लागतो तो रुग्णालयाच्या वॉर्डात.

आयसीयूमधला ६० किलोचा रुग्ण घ्या. व्हेंटिलेटरवर आहे, नाकातून पोटात राईल्स ट्यूब घातलेली आहे. पुस्तकाप्रमाणे किलोमागे २५ कॅलरी धरल्या तर दिवसाला १५०० होतात. एका मिलिलिटरला एक कॅलरी देणारा फॉर्म्युला असेल तर १५०० मिलिलिटर. वीस तासांत विभागला तर तासाला ७५. एमएस्सीची विद्यार्थिनी इथवरचं गणित बसल्या जागी करते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सचा इनटेक-आउटपुट चार्ट उघडल्यावर तिला दिसतं की सीटी स्कॅनसाठी फीड सहा तास बंद होतं. ४५० मिलिलिटर गेलंच नाही. कागदावर १५०० कॅलरी, रुग्णाच्या पोटात १०५०. असं चार-पाच दिवस चालू राहिलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तर आधीच खंगलेला रुग्ण आणखी खंगतो. हा चार्ट रोज उघडायचा, तफावत केस शीटवर नोंदवायची, राउंडच्या वेळी डॉक्टरांसमोर मांडायची, ही सवय वर्गात बसून लागत नाही.

याच्या उलट धोकाही असतो. कित्येक दिवस पोटात जवळपास काहीच न गेलेला, हाडांचा सापळा झालेला रुग्ण दाखल होतो. घरच्यांना वाटतं, आता याला भरपूर खाऊ घालावं. माया समजण्यासारखी आहे, पण अशा शरीरात एकदम पूर्ण आहार गेला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी जीवही जातो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून सुरुवात किलोमागे १० कॅलरी किंवा त्याहूनही कमी, आधी थायमिन, रोज रक्ताची तपासणी आणि मग हळूहळू वाढ. ‘भरपूर खा’ हा सल्लाही चुकू शकतो, हे विद्यार्थिनीला ठाऊक असतंच. पण नातेवाइकांना ते न दुखवता कसं सांगायचं, हे ती अनुभवी डाएटिशियनच्या शेजारी उभं राहूनच शिकते.

मूत्रपिंडाच्या रुग्णाचं तर अख्खं पथ्यच मध्येच पालटतं. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं आवरती ठेवावी लागतात, किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की त्या प्रक्रियेतच प्रथिनं निघून जातात, म्हणून गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते. घरी मात्र फ्रिजवर जुनाच कागद चिकटवलेला असतो आणि डायलिसिसवरचा माणूस अर्ध्या वाटी वरणावर दिवस काढत असतो. दुसरीकडे ‘आजारी माणसाला शहाळं चांगलं’ म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. रक्तात पोटॅशियम साठलेल्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.

आता दुसरा समज: ‘पदवी मिळाली, की झाली डाएटिशियन.’ भारतात ‘आरडी’ म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन ही ओळख इंडियन डायटेटिक असोसिएशन देते. ही संस्था १९६३ पासूनची. नेहमीचा मार्ग असा: अन्न व पोषण किंवा डायटेटिक्समध्ये एमएस्सी, रुग्णालयाच्या आहार विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर आरडीची परीक्षा. पदव्युत्तर पदविका घेतलेल्यांसाठीच्या अटी वेगळ्या असतात, त्या परीक्षेच्या सूचनेत नीट वाचाव्यात. म्हणजे आरडी ही विद्यापीठाची पदवी नाही आणि सरकारी परवानाही नाही. व्यावसायिक संघटनेने शिक्षण, सराव आणि परीक्षा तपासून दिलेली ती नोंदणी आहे.

सरकारची बाजू वेगळी आहे. मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा मंजूर केला. डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय त्याच्या परिशिष्टात आहेत. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि व्यावसायिकांची नोंदवही अशी त्याची रचना आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला डाएटिशियन म्हणवणं हा गुन्हा आहे; आपल्याकडे कोणीही पाटी लावावी, अशी परिस्थिती वर्षानुवर्षं राहिली.

‘इंटर्नशिप म्हणजे सर्टिफिकेटपुरती हजेरी’ असं विद्यार्थीही म्हणतात, तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. काही ठिकाणी इंटर्नकडून नुसते छापील चार्ट भरून घेतात, हे खरं आहे आणि तो विद्यार्थ्यांवर सरळ अन्याय आहे. पण नीट चाललेल्या विभागात दिवस वेगळाच असतो. सकाळी स्वयंपाकघरात रुग्णांचे ट्रे तपासायचे: कोणाचं बिनमिठाचं, कोणाचं मऊ, कोणाचं फक्त द्रव. जेवणानंतर ताटात काय उरलं ते पाहायचं. मग मेडिसिन, सर्जरी, बालरोग, नेफ्रोलॉजी, आयसीयू अशा वॉर्डांत आळीपाळीने रुग्ण पाहायचे, नोंद लिहायची आणि सीनियरने ती वाचून, चूक दाखवून, सही केल्यावरच ती पुढे जायची. देखरेखीखालचा सराव म्हणतात तो हा.

सर्वांत अवघड असतं विचारायला शिकणं. ‘काय खाता?’ म्हटलं की रुग्ण सांगतो, ‘काही नाही, साधंच, वरण-भात-भाजी.’ त्यातून काहीच हाती लागत नाही. अनुभवी बाई विचारतात, ‘महिन्याला तेल किती लागतं आणि घरात माणसं किती?’ चार माणसांत चार लिटर म्हटलं की माणशी महिन्याला लिटर, म्हणजे रोजचं सुमारे ३० ग्रॅम, आणि बाहेरचे वडे-फरसाण त्यात धरलेलेच नाहीत. ‘वाटी म्हणजे केवढी? दाखवता का?’ ‘उपवास कोणते करता?’ मधुमेहाच्या एखाद्या बाई गुरुवार, संकष्टी, एकादशी असं सगळं धरतात आणि त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर राहतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्यावर उपवास सोडायला लावायचा नसतो. भगर, दही, राजगिरा, औषधांच्या वेळा यांची सांगड घालून द्यायची असते.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांचे गैरसमज वेगळे. भारतातली आरडी अमेरिकेत आपोआप चालत नाही. तिथे आरडी किंवा आरडीएन ही नोंदणी कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन देतं. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या परीक्षेला बसण्यासाठी किमान पदव्युत्तर पदवी लागते. त्याआधी पदवी पुरत असे. यावरून ‘आता जुन्या डाएटिशियननाही मास्टर्स करावं लागेल’ अशी अफवा पसरली होती, ती चूक. आधीच नोंदणी असलेल्यांना हा नियम लागू नाही. ‘मास्टर्स झालं की आरडी’ हेही चूक. मास्टर्स कोणत्याही विषयात असलं तरी चालतं, पण डायटेटिक्सचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि किमान १००० तासांचा देखरेखीखालचा सराव यांना पर्याय नाही, आणि परीक्षा त्यानंतर. पुढेही दर पाच वर्षांत ७५ तासांचं निरंतर शिक्षण पूर्ण करावं लागतं. बऱ्याच राज्यांचा स्वतःचा परवाना असतो, तो निराळाच. भारतीय पदवीचं तिथल्या मान्य संस्थेकडून मूल्यमापन करून घेतल्याशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही, म्हणून कर्ज काढण्याआधी ती चौकशी करावी.

अभ्यासक्रम निवडताना पालकांनी फी आणि वसतिगृह यांच्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयात पाठवतात आणि तिथे त्यांच्या नोंदी तपासून सही कोण करतं. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं कॉलेज पाहावं. आणि तुम्ही रुग्ण म्हणून आहाराचा सल्ला घेणार असाल, तर समोरच्या व्यक्तीला शिक्षण, इंटर्नशिप आणि नोंदणी या तिन्हींबद्दल मोकळेपणी विचारा. तुमचे रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधं न पाहता कोणी चार्ट हातात ठेवला, तर तो पाळू नका.